आधी ऊब, मग घोट

हिंदी लेखिका महादेवी वर्मांनी ‘गिल्लू’ या लेखात खारीच्या जखमी पिल्लाची हकीकत लिहिली आहे. दुधात भिजवलेली कापसाची वात तोंडाशी धरली, तर थेंब बाहेरच ओघळले. कित्येक तासांनी पोटात गेला तो पाण्याचा एक थेंब. इथे जबलपुरात असं पोरकं पिल्लू सापडलं, की आपलाही हात आधी दुधाकडेच जातो. पण गार पडलेल्या पिल्लाला काहीच पचत नाही. आधी ऊब द्यावी. गाईच्या दुधाने हगवण लागू शकते, आणि एवढासा जीव त्यात सुकून जातो. डोळे न उघडलेल्या पिल्लाला शी-शूसुद्धा आपणहून होत नाही. आई चाटते, तेव्हा होते! म्हणून कोमट ओल्या कापसाने खालचा भाग हळूच पुसावा. आणि इथल्या नानाजी देशमुख पशुवैद्यकीय विद्यापीठात वन्यप्राण्यांचे जाणकार आहेत. त्यांना लवकर विचारावं.