भजनाचा शीण

गेल्या कार्तिकी वारीत वाळवंटातले कीर्तन आटोपून आम्ही मठाकडे परतत असता एक तिशीतला तरुण मागोमाग आला. आमच्याच भागातला, घरात दोन पिढ्यांची वारी, शाळेत शिक्षक. पाया पडून जरा घुटमळला आणि म्हणाला, "बुवा, रागावणार नसाल तर एक विचारतो. सहा महिने झाले, भजनात मन म्हणून लागत नाही. हाताने टाळ वाजतो, तोंडाने नाम चालतं, आत मात्र काहीच होत नाही. गळ्यातल्या माळेचंसुद्धा ओझं वाटतं. अशा मनाने माळ घालायची म्हणजे देवाशी खोटं बोलणंच नव्हे का? उतरवून ठेवू का?"

माळ उतरविणे म्हणजे काय, हे वारकरी वाचकांस सांगावयास नको. विचारताना त्या पोराचे ओठ थरथरत होते.

हा प्रश्न आम्ही प्रथमच ऐकला असे नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका सप्ताहात एका माउलीने जवळजवळ याच शब्दांत तो विचारला होता. घरी सासऱ्यांचे अंथरूण, शिवाय गल्लीत कोणाचे बाळंतपण असो की कोणाची तिरडी, ही सर्वांच्या आधी हजर. दुसऱ्याचा कंठ दाटला की हिचे डोळे आधी भरायचे. आम्ही नुकतेच कीर्तनातून उतरलो होतो, अंगात आवेश होता. बोलून गेलो, "माउली, श्रद्धा कमी पडते तुमची. नेम वाढवा." तिने मान डोलावली, नमस्कार केला आणि गेली. पुढे ती कोणाच्याच कीर्तनाला दिसली नाही. त्या उत्तराचे देणे आमच्या खाती आजही आहे.

उत्तर चुकले हे कळले, ते आमच्यावर पाळी आली तेव्हा. २०२१ च्या चैत्र-वैशाखात करोनाच्या दुसऱ्या लाटेत गावोगाव माणसे गेली. त्या वेळी चार माणसांत दहावे उरकावे लागले, म्हणून २०२२ साली पुष्कळ घरांनी वर्षश्राद्धाला कीर्तने ठेवली. आम्ही एकालाही नाही म्हटले नाही. कधी कधी एका दिवसात दोन गावे. समोर तरणा मुलगा गेलेला बाप बसलेला, आणि आम्ही देहाच्या नश्वरतेचे निरूपण करतो आहोत! पहिले काही दिवस घरी आल्यावर जेवण जात नसे. पुढे पुढे जेवण जाऊ लागले, आणि तीच वाईट खूण होती. एके दिवशी ध्यानात आले की आम्ही दृष्टांत सांगतो आहोत, लोक हुंदके देताहेत, आणि आमचे चित्त पुढच्या गावची गाडी किती वाजता सुटते याचा हिशेब करते आहे.

आम्ही हबकलो. मग त्या माउलीला जे औषध सांगितले होते तेच स्वतः घेतले. काकड्याच्या आधी तासभर उठणे, एकादशी निर्जळी, ज्ञानेश्वरीच्या पारायणावर पारायण. परिणाम असा झाला की झोप उडाली. मृदंगाची एक मात्रा इकडची तिकडे झाली तर आम्ही भर कीर्तनात वादकावर डोळे वटारू लागलो. फोन वाजला की पोटात गोळा यायचा, की आता कोणाचे बोलावणे! नेम वाढत गेला आणि प्रेम आटत गेले.

आमच्या दिंडीत एक वृद्ध विणेकरी आहेत. आम्ही त्यांना आबा म्हणतो. शाळा दुसरीपर्यंतची, पण साठ वर्षे वारी चुकलेली नाही. त्यांनी आम्हांस बाजूला घेतले व विचारले, "बुवा, सप्ताहात वीणा भुईला टेकते का?"

"नाही टेकत."

"मग एकच गडी सात दिवस घेऊन उभा राहतो काय?"

आम्ही गप्प.

"पहारा बदलतो म्हणून वीणा उभी राहते. तुम्ही पहारा कुणाला द्यायलाच तयार नाही. साऱ्या मुलखाची रडारड एकट्याने उचला, असं सांगितलं कुणी तुम्हाला? तुम्ही काय पांडुरंग लागून गेलात? अन् त्याच्यासुद्धा पाठीला लोड द्यावा लागतो, बुवा!"

काशीच्या पंडिताने सांगावे असे हे उत्तर आम्हांस दुसरी इयत्ता शिकलेल्या माणसाकडून मिळाले. यात्राकाळात देवाचा पलंग काढतात हे आपण सर्वजण जाणतो. रात्रंदिवस दर्शन चालते, शेजारती होत नाही, देवाला निद्रा नाही. म्हणून पाठीशी मऊ लोड देतात. पुढे यात्रा पांगली म्हणजे प्रक्षाळपूजा होते. मंदिर धुऊन काढतात, देवाला ऊन पाण्याने स्नान घालतात, शीण जावा म्हणून औषधी काढा देतात, आणि पलंग पुन्हा जागेवर येतो. ही पूजा आम्ही कितीदा तरी पाहिली, कीर्तनात वर्णिलीही. पण विटेवर उभ्या असलेल्या परब्रह्मालाही शीण येतो असे मानणारा आपला संप्रदाय भक्ताच्या शिणाला मात्र पाप का समजतो, हे कोडे तोवर आम्हांस पडले नव्हते.

शास्त्रानेही हा विचार सोडलेला नाही. पतंजलींनी योगाचे नऊ अंतराय सांगितले, त्यांत पहिला मान व्याधीला दिला. आळस त्याच्या बराच मागून येतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अतिजागरण करणाराला योग साधत नाही असे स्पष्ट बजावले आहे. वेदान्तसारात समाधीची लय, विक्षेप, कषाय आणि रसास्वाद अशी चार विघ्ने सांगितली आहेत. पेंगुळलेल्या मनाला हलवून जागे करावे लागते. पण लय निराळा आणि कषाय निराळा. आत मुरलेल्या वासनेने चित्त ताठर होऊन बसते, तो कषाय. त्याला हलवून काय होणार? तिथे आत काय मुरले आहे ते पाहावे लागते. आम्ही ताठरलेल्या चित्ताला पेंगुळलेले समजलो आणि त्याला चाबूक मारीत राहिलो. आत काय मुरले होते म्हणाल, तर आपल्यावाचून लोकांचे दुःख हलके होत नाही, ही समजूत. दिसायला करुणा, पोटात अभिमान. नाथमहाराजांनी चिरंजीवपदात लोकमानापासून साधकाला जो सावध केला आहे, तो उगीच नव्हे.

मग आळस कोणता आणि शीण कोणता, हे ओळखावे कसे? आमच्या अनुभवाची खूण सांगतो. आळशाला भजन चुकल्याचे दुःख होत नाही, त्याला निमित्त सापडल्याचा आनंद होतो. शिणलेला भजन न चुकवताही रात्रभर स्वतःला दोष देत असतो. आळशी माणसाला कोणी आपले दुःख सांगू लागला तर तो जांभई देतो. शिणलेल्याला ते ऐकवतच नाही, कारण आधी ऐकलेलेच आत साठून राहिलेले असते. आणि हळव्या माणसाच्या तोंडी एकाएकी थट्टेची, तुसडेपणाची भाषा येऊ लागली तर घरच्यांनी नक्की ओळखावे. आमच्या मंडळींनी ते आमच्या आधी ओळखले होते. आम्हीच ऐकले नाही, हा भाग निराळा.

ज्ञानोबारायांसारख्या कोमल अंतःकरणाच्या पुरुषानेही जनांच्या बोलण्याने व्यथित होऊन झोपडीची ताटी लावून घेतली होती, असे परंपरा सांगते. मुक्ताबाई वयाने धाकटी. ती दाराशी आली, दादाला तू कोण आहेस याची आठवण देत राहिली आणि दार उघडेपर्यंत तिथून हलली नाही. कमी पडलास असे तिने म्हटले नाही, की एखादे जास्तीचे साधन गळ्यात घातले नाही. ताटीचे अभंग आम्ही शेकडो वेळा गाइले, आणि ती माउली आमच्या दाराशी आली तेव्हा ताटी आम्हीच लावून घेतली!

असो. आबांनी आमचे चार महिने कीर्तन बंद केले. हरिपाठ तेवढा ठेवा म्हणाले, बाकी नेम देवाकडे गहाण. दिंडीत शेवटच्या रांगेत टाळकरी म्हणून उभे राहायचे आणि दुसऱ्याचे कीर्तन ऐकायचे. पुढे उभे राहण्याची सवय जडलेल्या माणसाला शेवटची रांग किती लांब वाटते ते आम्हांस विचारा! पहिला महिना दुसऱ्याच्या निरूपणातल्या चुका मोजण्यात गेला. दुपारी झोप काढायची, गोठा साफ करायचा, संध्याकाळी तुळशीला पाणी घालायचे. तिसऱ्या महिन्यात एका नवख्या पोराने रूपाच्या अभंगाला चाल धरली. सूर काही धड नव्हता, आणि आमचे डोळे भरून आले. प्रेम परत आले असे आम्ही म्हणणार नाही. ते कुठे गेलेच नव्हते, दमून पडले होते. आता आम्ही आठवड्याला दोनच दुःखाची बोलावणी घेतो. तिसऱ्याला दुसऱ्या बुवांचे नाव सांगतो. कोणी रुसतात. रुसोत.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगणे भाग आहे. झोप आणि अन्न दोन्ही आठवडेच्या आठवडे गेले असतील, जगणेच नकोसे वाटू लागले असेल, तर कीर्तनकाराकडे येऊन उपाय विचारू नये, आणि कीर्तनकारानेही तो सांगू नये. आधी डॉक्टरांकडे जावे, घरच्यांनी सोबत जावे. व्याधीचे नाव पतंजलींनी पहिले घेतले आहे ते आठवावे.

त्या तरुणाला आम्ही वाळवंटात एवढेच विचारले, "झोप लागते का? घरी आजारी कोण आहे?" तो वाळूत बसला आणि रडू लागला. आईचा कर्करोग, शाळा सुटल्यावर तिची सेवा, रात्री गावातल्या दोन वृद्धांची ये-जा, पहाटे काकडा. सगळे एकट्यावर. आम्ही म्हणालो, "माळ राहू दे गळ्यात, ती तुझ्याकडे काही मागत नाही. काकडा सोड, रात्री झोप. त्या दोघा म्हाताऱ्यांकडे जायला गावातली पोरं आम्ही लावतो. आणि हरिपाठ आईच्या उशाशी बसून म्हण, जमेल तेवढा."

यंदाच्या सप्ताहात तो आला होता. दुपारी बारा ते दोनचा पहारा त्याने घेतला. दोन वाजता वीणा पुढच्या माणसाच्या गळ्यात घातली, पाया पडला आणि ओसरीवर जाऊन झोपला. संध्याकाळी हरिपाठ उभा राहिला तेव्हा एकजण त्याला हलवायला निघाला होता. आबांनी त्याचा हात धरून त्याला मागे बसविले.