काही नाही, जरा गॅस

आमच्या कॅश काउंटरवर संध्याकाळी शंभर रुपयांचा फरक निघाला, तर तो सापडेपर्यंत आमची सुटका नसते. वीतभर लांबीची नोट चार भिंतींत सापडत नाही. मग माणसाच्या अंगात सोडलेलं मोहरीएवढं यंत्र शोधायचं कसं, हे वाचताना मला घाम फुटला.

पण पठ्ठ्यांनी ते साधलंय. अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत २०१७ साली १.४ चौरस मिलिमीटरची एक चिप तयार झाली. युक्ती एमआरआयवरून उचललेली. बाहेरच्या चुंबकाचा जोर जागोजागी वेगळा ठेवायचा. चिप जिथे असेल तिथल्या जोराप्रमाणे तिच्या रेडिओलहरींची पट्टी बदलते. म्हणजे काळी चार लागली की यकृत, पांढरी दोन लागली की आतडं! प्रयोग उंदरावर झाला आणि पत्ता मिलिमीटरच्याही आत बरोबर निघाला.

ही चिप अजून प्रयोगातली, पण रक्तात बसवलेलं यंत्र माणसांत आहे. कार्डिओमेम्स त्याचं नाव, अमेरिकेत मान्यता २०१४ची. ते फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत बसवतात. त्याला बॅटरी नाही. हृदय थकलेल्या रुग्णानं रोज एका खास उशीवर पडायचं; उशी रेडिओलहरींनी आतली खबर काढते आणि दाबाचा आकडा थेट डॉक्टरांकडे. ‘कसं वाटतंय?’ हे रुग्णाला विचारायचीसुद्धा गरज नाही.

इथे मी अडलो. आमचे अण्णा जन्मभर एकच उत्तर देत आले, ‘काही नाही, जरा गॅस.’ पाय सुजले तरी गॅस, जिन्यात तीनदा थांबले तरी गॅस. शेवटच्या रात्रीही तेच.

आता आतलं सांगायचं की नाही, हे ठरवायचा हक्क कोणाचा? खातेदाराची शिल्लक आम्ही त्याच्या सख्ख्या भावालाही सांगत नाही. त्या न्यायानं अण्णांची शिल्लक हे अण्णांचं गुपित. पण खातं बंद झाल्यावर हिशेब वारसांच्या गळ्यात पडला, आणि त्यातला फरक मला अजून सापडलेला नाही. अण्णांच्या डोक्याखाली ती उशी हवी होती, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून देईन. माझ्या डोक्याखाली मात्र आहे तीच कापसाची बरी.

हे सगळं मी रात्री हिला रंगवून सांगितलं. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘आज जिन्यात दोनदा थांबलात.’’

‘‘काही नाही,’’ मी म्हणालो, ‘‘जरा पिशवी जड होती.’’