मूळचे कोण?





दर पौर्णिमेला आपण विहारात एकत्र बसतो. त्रिशरण, पंचशील एका सुरात म्हणतो. शेजारी कोण बसले आहे याची त्या वेळी कोणी चौकशी करीत नाही. पण वंदना संपते, चपला पायांत जातात, चहाचा कप हाती येतो आणि नव्याने आलेल्या कुटुंबाला कोणीतरी हळूच विचारते, "तुम्ही मूळचे कोण?" हा प्रश्न गावाचा नसतो, हे विचारणाऱ्याला ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. आजचे प्रवचन या एका प्रश्नावर आहे.

प्रथम एका लहानशा मुलखाची हकीकत सांगतो. केरळच्या किनाऱ्यापासून दूर अरबी समुद्रात लक्षद्वीपची बेटे आहेत. त्यांपैकी वस्ती फक्त 10 बेटांवर. सारी जमीन मिळून 32 चौरस किलोमीटर आणि 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 64 हजारांच्या आसपास. आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढा हा समाज! तेथील बहुतेक सर्व लोक कित्येक शतकांपासून मुसलमान आहेत. एक धर्म, एक समुद्र, तेच नारळ आणि तीच मासळी. मिनिकॉय बेट सोडले तर बोलीही मलयाळमच्याच घराण्यातली. मग भेद कोठून असणार, असे आपल्याला वाटेल.

पण भेद होता. अमिनी, कल्पेनी यांसारख्या बेटांवर कोया, मालमी आणि मेलाचेरी असे थर होते. कोया म्हणजे जमिनीचे आणि नावांचे मालक. मालमी म्हणजे नाव हाकणारे दर्यावर्दी. मेलाचेरी म्हणजे माडावर चढणारे, नारळ उतरविणारे, माडी काढून तिचा गूळ करणारे. माड मालकाचा, चढणारा दुसरा. लग्ने बहुतांशी आपापल्या थरातच होत. अल्लापुढे सारे सारखे ही त्यांच्या धर्माची शिकवण. तरी खाली उतरल्यावर माणूस ओळखला जाई तो त्याच्या थरावरून. लीला दुबे या मराठी घरात जन्मलेल्या मानवशास्त्रज्ञ बाईंनी कल्पेनी बेटावरील समाजाचा अभ्यास करून 1969 साली इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. धर्माची शिकवण आणि समाजाची जुनी वहिवाट एकाच अंगणात कशा नांदतात, हे त्यातून कळते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. 1956 च्या सरकारी यादीने, ज्यांचे आईवडील व जे स्वतः त्या बेटांवर जन्मले, अशा सर्वांना अनुसूचित जमातीत घातले. मालकही त्यात आणि माडावर चढणाराही त्यात. सरकारच्या कागदावर सर्वांना एकच नाव मिळाले; पण म्हणून बेटावरील तीन नावे लगेच पुसली गेली नाहीत. पुढे शाळा निघाल्या, नोकऱ्या आल्या, जमिनीविषयी 1965 चा कायदा झाला, तेव्हा कोठे जुनी पकड सैल होऊ लागली. धर्म एक असल्याने किंवा कागद एक असल्याने भेद आपोआप मरत नाही. तो माणसांना हाताने मारावा लागतो.

ही हकीकत दुसऱ्या धर्माकडे बोट दाखविण्यासाठी मी सांगत नाही. "आपला धम्म निराळा आहे," असे कोणी म्हणेल, म्हणून एका मोठ्या बेटाकडे चला. श्रीलंकेत भिक्खूंची परंपरा खंडित झाली होती. 1753 मध्ये सयामहून भिक्खू बोलावून ती पुन्हा सुरू केली. पण पुढे थोड्याच वर्षांत त्या निकायात उपसंपदा केवळ गोविगम या वरच्या जातीलाच मिळू लागली. इतर जातींच्या श्रामणेरांना समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात जावे लागले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी अमरपुर निकाय उभा केला. चीवर अंगावर होते, तोंडी बुद्धवचन होते, तरीही दारात प्रश्न उभा होता : मूळचा कोण?

तथागतांच्या संघात याचे उत्तर कसे मिळाले होते? शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला आले तेव्हा त्यांच्यासोबत उपाली नावाचा न्हावी होता. राजपुत्रांनी स्वतःच विनंती केली, की उपालीला आमच्या आधी दीक्षा द्यावी. तो संघात ज्येष्ठ ठरेल, आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. तसेच झाले. हाच उपाली पुढे विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार ठरला आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय त्याच्याच मुखातून संघाने ऐकला. तथागत म्हणत, नद्या महासागरास मिळाल्या की आपापली नावे टाकून देतात. नागपूरला बाबासाहेबांनीही हाच दाखला दिला. बेटाच्या चहूकडे समुद्र असूनही नावे बुडत नाहीत. ती बुडतात मनाच्या समुद्रात.

आता आपल्या घराकडे येतो. हे बोलताना मला लाज वाटते, तरी बोलतो.

माझ्या धाकट्या बहिणीसाठी एक स्थळ आले. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी. त्या कुटुंबाने तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या समाजातून येऊन याच विहारात दीक्षा घेतली. माझी आई म्हणाली, "पोरगा चांगला आहे रे, पण ते मूळचे आपल्यातले नव्हेत." मी शिक्षक. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस. दर पौर्णिमेला समतेवर बोलणारा. आणि मी काय म्हणालो? "बघू." या एका शब्दाने स्थळ परत गेले. बहिणीला तर कोणी विचारलेच नाही! ते कुटुंब आजही विहारात येते आणि माझ्या आईला वाकून जयभीम करते. आईने शाळेचे तोंड पाहिले नाही. मी पाहिले आहे. म्हणून दोष माझा.

बावीस प्रतिज्ञांचा क्रम पाहा. सर्व माणसे समान आहेत असे मानण्याची प्रतिज्ञा नववी. समता स्थापन करण्यासाठी झटण्याची प्रतिज्ञा दहावी. बाबासाहेबांनी मानणे आणि झटणे यांसाठी दोन वेगळ्या प्रतिज्ञा दिल्या. आपल्यापैकी पुष्कळजण नववीत पास होतात आणि दहावीत अडकतात.

कोणी विचारील, मग जातीच्या दाखल्याचे काय? तो जपून ठेवा. 1990 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या, त्या मागच्या अन्यायाच्या भरपाईसाठी. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी दाखला पेटीतून काढा; मुलीच्या लग्नाच्या बैठकीत काढू नका. आणि "आम्ही छप्पनचे" असे जुन्यांनी नव्यांपाशी मिरवू नये. 1956 साली आपले वाडवडील ज्या दाराने आत आले, ते दार त्यांनी मागून बंद केले नव्हते.

नव्याने आलेल्या बंधुभगिनींनो, कोणी "मूळचे कोण?" म्हणून विचारले तर मान खाली घालू नका. "आम्ही बौद्ध" एवढेच सांगा आणि पुढे थांबा. मूळ सांगण्याचे ऋण आपल्यावर नाही.

जुन्या बंधूंनो, या वर्षावासात तीन गोष्टी करू या. स्थळ पाहताना पोटजात विचारायची नाही. मुलाबाळांना पोटजातीची नावे शिकवायची नाहीत. आणि विहारातील पंक्तीत नव्या कुटुंबाच्या शेजारी मुद्दाम बसायचे.

गेल्या रविवारी बहिणीला विचारून, आईला घेऊन मी त्या घरी गेलो. चहा झाला. "आमची चूक झाली," असे मी म्हणालो. लग्नाचे काय ते मुलगा आणि मुलगी ठरवतील. येताना आई वाटभर गप्प होती. दाराशी आल्यावर एवढेच म्हणाली, "चहा आपल्यासारखाच होता की रे."

सर्वांचे मंगल होवो.

नमो बुद्धाय! जयभीम!