नोंदीत नाही, म्हणजे नाही?

‘असणं म्हणजे नक्की काय?’ हा प्रश्न आदि शंकराचार्यांना पडला तर शोभतो. मला तो पडला एका रविवारी सकाळी, लुंगीवर, हातात चहाचा कप असताना. मी बी. कॉम., सेकंड क्लास, बँकेत कारकून. आमचं तत्त्वज्ञान एवढंच, की दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली पाहिजे.

आमच्या जुन्या संगणकावर भाच्यानं लिनक्स बसवून दिलं आहे. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं ते १९९१ साली, एकविसाव्या वर्षी लिहायला घेतलं. (एकविसाव्या वर्षी मी कॉस्टिंगचा पेपर दुसऱ्यांदा देत होतो.) संगणकात एक जादा डिस्क आहे. तिच्या दुसऱ्या कप्प्यात, म्हणजे पार्टिशनमध्ये, आप्पांच्या कॅसेटी उतरवून ठेवल्या आहेत. आप्पा जाऊन सहा वर्षं झाली. आवाज तेवढा उरला आहे. रामरक्षा म्हणताहेत आणि मधेच, “अरे, गॅस बंद करा!”

त्या रविवारी संगणक सुरू होता होता थबकला. एक डिस्क सापडत नाही, वाट पाहतोय, असं सांगून सेकंद मोजू लागला. ९० सेकंद मोजले आणि काळ्या पडद्यावर ‘इमर्जन्सी मोड’ अशी अक्षरं उमटली. आणीबाणी १९७७ सालीच उठली, अशी माझी समजूत होती.

“अहो, आप्पा गेले?” बायकोनं विचारलं. दुसऱ्यांदा!

मी भाच्याला फोन लावला. “मामा, घाबरू नकोस. आधी खरोखर काय आहे ते बघू, रजिस्टर मग उघडू. टाईप कर, एल-एस-बी-एल-के.”

केलं. जोडलेल्या सगळ्या डिस्कांची यादी आली आणि त्यात आप्पांची डिस्क ठणठणीत होती! फक्त तिचं नाव बदललं होतं. त्याचं कारण असं. सुरू होताना संगणकाला ज्या क्रमानं डिस्का सापडतात, त्या क्रमानं तो त्यांना नावं देतो : एसडीए, एसडीबी, एसडीसी. थोडक्यात थोरली, मधली, धाकटी. आदल्या रात्री मी लग्नाच्या फोटोंची एक डिस्क जोडून तशीच ठेवली होती. सकाळी तीच आधी सापडली आणि मधली होऊन बसली. आमची मधली झाली धाकटी. पण एफएसटॅब नावाच्या हजेरीपटात लिहिलं होतं, ‘एसडीबीचा दुसरा कप्पा’. नव्या पाहुणीला कप्पाच मुळी एक. दुसरा कप्पा गैरहजर, म्हणून सगळं कामकाज बंद.

“नावावर जाऊच नये मामा,” भाचा म्हणाला. “कप्पा पहिल्यांदा तयार करतात तेव्हाच त्याला ३२ आकडी-अक्षरी ओळख मिळते, यूयूआयडी. कप्पा पुसून नव्यानं केला नाही, तर ती तीच राहते. रजिस्टरात ती लिही.”

ती लिहिली. पुढे ‘नोफेल’ असा एक शब्दही घातला. त्याचा अर्थ, हा सापडला नाही तरी बाकीच्यांनी कामाला लागावं. एकत्र कुटुंबात हा शब्द कुणी वेळेवर घातला असता तर किती घरं सुखी झाली असती! संगणक सुरू झाला, आप्पांनी गॅस बंद करायला सांगितला, आणि मला एकदम आजी आठवल्या.

पंधरा दिवसांपूर्वी, जानेवारीत, त्या माझ्या खिडकीशी आल्या होत्या. हयातीचा दाखला त्यांनी नोव्हेंबरातच दिला होता, तरी पेन्शन थांबलं होतं. एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं. आपल्याकडे नवरामुलगा ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, पेढे वाटतात, आणि पन्नास वर्षांनी त्याचा हिशेब बँकेत निघतो.

“आजी, सिस्टिममध्ये तुम्ही दिसत नाही,” मी म्हणालो.

“अरे, पण तुला दिसतेय ना?”

“पुढचे या,” मी म्हणालो.

आता, रजिस्टर नको असं मी म्हणणार नाही. ते नसेल तर एकाचं पेन्शन दुसराच नेईल आणि भरपाई माझ्या पगारातून होईल. पण रजिस्टर आणि समोरचं माणूस यांचं जुळेना, तर आधी संशय कुणाचा घ्यायचा? वीस वर्षं मी बिनदिक्कत माणसाचा घेत आलो. त्या यंत्रानं एका कप्प्यासाठी ९० सेकंद वाट पाहिली, नाही सापडला तर काम थांबवून मला हाक मारली. मी नऊ सेकंदही थांबलो नव्हतो.

सोमवारी आजींचे कागद काढले. नावं दोन, पण पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक दोन्हींवर एकच! तांदळात नाव बदललं, तरी हा बदललेला नव्हता. टिपण लिहिलं, साहेबांची सही घेतली, आजींना फोन करून बोलावलं. काम पाच मिनिटांचं. मला वीस वर्षं लागली.

आजी आल्या. चष्मा वर करून त्यांनी मला नीट निरखलं आणि विचारलं, “आता दिसते का रे?”