दुसरं टोक सोडू नका



आजचं वचन: इब्री १०:२३
वाचन: इब्री १०:१९-३९

वचनाचा अर्थ थोडक्यात असा: ज्या आशेची आपण लोकांसमोर कबुली दिली, ती न डगमगता धरून ठेवू या, कारण वचन देणारा देव विश्वासू आहे.

आमच्या बजाजनगरात हे वचन वाचलं की लगेच प्रश्न उभा राहतो. इथली बरीच घरं वाळूज एमआयडीसीच्या पगारावर चालतात. कुणी जालन्याहून आलेला, कुणी बीडहून, कुणी परभणीहून. मागच्या घरगुती संगतीत एका तरुण भावाने विचारलं, "दादा, दोन वर्षं उपास-प्रार्थना करतोय. परमनंट तर झालो नाहीच, उलट कंपनीने ब्रेक दिला. घरचे म्हणतात, तुझ्या येशूनं काय दिलं? मी धरून ठेवलं, पण उपयोग काय झाला?"

"होईल सगळं ठीक" असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण त्याला क्रिकेटचं वेड, म्हणून मी त्याला सांगलीच्या एका मराठी ख्रिस्ती घरातल्या दोन भावांची गोष्ट सांगितली. तीच आज तुमच्यासाठी.

विजय हजारे हे नाव सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या नावाची ट्रॉफी आजही खेळली जाते. १९५२ साली मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली, तेव्हा कॅप्टन तेच होते. पण गोष्ट त्याच्या आधीची आहे, डिसेंबर १९४३ ची. मुंबईत तेव्हा पंचरंगी सामने व्हायचे आणि संघ धर्मावर बनायचे. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन, आणि पाचवा संघ 'द रेस्ट', म्हणजे 'बाकीचे'. भारतीय ख्रिस्ती खेळाडू या बाकीच्यांत मोडायचे.

ब्रेबॉर्न स्टेडियमवर फायनल होती. हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. बाकीचे १३३ मध्ये गारद, फॉलोऑन! दुसऱ्या डावातही पाच गडी स्वस्तात गेले. तेव्हा विजय हजारेंच्या जोडीला त्यांचा भाऊ विवेक उभा राहिला. दोघांनी सहाव्या विकेटसाठी ३०० धावा जोडल्या. त्यात विवेकच्या किती? फक्त २१!

आता विचार करा. विवेकने त्या दिवशी काय केलं? टोक धरलं. आपल्या वाट्याला आलेला बॉल अडवला आणि विकेट फेकली नाही. बाकी धावा दुसऱ्या टोकाकडून येत राहिल्या. संघाच्या ३८७ पैकी ३०९ एकट्या विजय हजारेंच्या. पण विवेक लवकर बाद झाला असता, तर ते ३०९ झाले असते का?

प्रियांनो, आपल्याला वाटतं विश्वास धरून ठेवणं म्हणजे आपणच सिक्सर मारायचे. मोठी साक्ष, मोठा चमत्कार, मोठी सेवा. ते झालं नाही की वाटतं आपला विश्वास कमी पडला. पण वचनाचा दुसरा भाग बघा. घट्ट धरा, का? आपली पकड मजबूत आहे म्हणून नाही, तर वचन देणारा विश्वासू आहे म्हणून. आपल्या दुसऱ्या टोकाला कोण आहे? इब्री २:११ सांगतं की प्रभू येशू आपल्याला भाऊ म्हणायला लाजत नाही. तारणाच्या सगळ्या धावा त्याच्या आहेत. आपल्या नावावर २१ लागले तरी भागीदारी त्याच्यासोबतची आहे.

तुम्ही म्हणाल, पण ती मॅच तर हरले ना? हो, हरले. एक डाव आणि ६१ धावांनी. आणि म्हणूनच ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. इब्री पत्र ज्यांना लिहिलं, त्यांचीही मालमत्ता लुटली गेली होती (१०:३४). काहींनी एकत्र येणं सोडलं होतं (१०:२५). लेखक त्यांना "तुमचं सगळं परत मिळेल" असं म्हणत नाही. तो म्हणतो, तुम्हाला धीराची गरज आहे (१०:३६). आणि अकराव्या अध्यायाच्या शेवटी तर साफ सांगतो की विश्वासाने जगलेल्या कितीतरी लोकांना जिवंतपणी वचनाचं फळ मिळालं नाही. तरी देवाने त्यांना नाकारलं नाही.

इथे मात्र क्रिकेटचं उदाहरण संपतं. कारण आपल्या सामन्याचा निकाल रिकाम्या कबरेपाशी लागून गेला आहे. नोकरी जाईल, रिपोर्ट वाईट येईल, पण त्यावरून येशू हरला असं ठरत नाही. तो भाऊ परमनंट होईल की नाही, मला माहीत नाही. प्रभू त्याला सोडणार नाही, हे मात्र माहीत आहे (१३:५).

मग टोक धरायचं म्हणजे रोज काय करायचं? नाईट शिफ्टहून आल्यावर झोपण्याआधी एक अध्याय वाचायचा. मन लागत नसलं तरी संगतीला जाऊन बसायचं. काम अर्धवट असताना साहेबाला "झालं सर" असं खोटं सांगायचं नाही. घरच्यांनी टोमणा मारला तर उलट उत्तर न देता तो बॉल सोडून द्यायचा. स्कोअरबोर्डकडे सारखं बघू नका. समोर आलेला बॉल खेळा.

आणि हो, आपल्या मंडळीत आज कुणाचं टोक डळमळतंय, ते बघा. त्याला फोन करा. उपदेश नको, नुसतं सोबत उभं राहा.

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू आम्हाला भाऊ म्हणतोस, याबद्दल तुझे आभार. ज्यांचं काम सुटलं आहे, ज्यांना "विश्वासाने काय मिळालं" असं विचारलं जातं, त्यांना आज धीर दे. आमची पकड सैल झाली तरी तुझा हात आम्हाला सोडत नाही, हे आम्हाला विसरू देऊ नकोस. तुझ्याच नावाने मागतो, आमेन.