दुसऱ्याकरितां धरलेली आशा

विश्वास ही ज्याची त्यानें कमवावयाची वस्तु आहे, ती बापाकडून मुलाला वारसाहक्कानें मिळत नाहीं, असें आपण नेहमी म्हणतों. आणि तें खरेंही आहे. परंतु एवढें म्हणून वडील माणसांची जबाबदारी संपते काय? ख्रिस्ती घरांत वाढलेला एखादा तरुण परीक्षेंतील अपयशानें, बेकारीनें किंवा मनाच्या आजारानें खचून जातो. रविवारच्या उपासनेला येईनासा होतो. प्रार्थनेचें नांव काढतांच उठून जातो. अशा वेळीं त्याच्या आईबापांनीं काय करावें? त्याच्यावर रागवावें, त्याला सोडून द्यावें, कीं तो स्वतः जी आशा धरूं शकत नाहीं ती त्याच्याकरितां आपण धरावी? हा शेवटचा मार्ग बुद्धीला पटण्याजोगा आहे कीं नुसता मायेचा भ्रम आहे, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मार्काच्या शुभवर्तमानांत कफर्णहूम येथील एक प्रसंग आहे. चौघेजण एका पक्षघाती मनुष्याला उचलून आणतात. गर्दीमुळें दारांतून वाट मिळत नाहीं, तेव्हां ते छप्पर उकलून त्याची बाज खालीं सोडतात. येशूनें त्यांचा विश्वास पाहिला, असें ग्रंथकार सांगतो. त्यांत रोग्याचाही विश्वास आला, असें कोणी म्हणेल. तथापि छप्पर उकलणें त्याच्या हातून झालें नसतें, हें उघड आहे. त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायांत एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन येतो आणि आपला विश्वास व आपला अविश्वास दोन्ही एकाच श्वासांत कबूल करतो. तरी त्याला कोणी परत पाठवीत नाहीं. तेव्हां दुसऱ्याकरितां विश्वास धरणारा स्वतः निःशंक असलाच पाहिजे, असेंही नाहीं.

आतां यावर एक आक्षेप येतो. दुसऱ्याकरितां विश्वास धरणें म्हणजे त्याच्या मनावर आपलें मन लादणें नव्हे काय? आक्षेप खोटा नाहीं. मोनिकेचें उदाहरण घ्या. तिचा मुलगा ऑगस्टीन ऐन तारुण्यांत मानी पंथाला मिळाला, तेव्हां प्रथम तिनें त्याला आपल्या पंक्तीला घेण्याचें नाकारलें. पुढें तिनें त्याला जवळ केलें. परंतु ३८३ सालीं तो रोमला जावयास निघाला तेव्हां समुद्रकिनाऱ्यावर तिनें त्याला घट्ट धरून ठेविलें, आणि तो तिला खोटें सांगून रात्रींच गलबतानें निघून गेला. त्यापूर्वीं, मुलाशीं वाद करून त्याला समजवावें म्हणून ती एका बिशपाकडे गेली असतां त्यानें वादास नकार दिला, आणि वाचतां वाचतां त्याची चूक त्यालाच उमगेल, अशा आशयाचा सल्ला दिला. ३८७ सालीं मिलान येथें ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षीं मोनिका वारली. या कथेचा शेवट गोड झाला म्हणून आम्ही ती सांगत नाहीं. पुष्कळ मातांच्या कथेचा शेवट तसा होत नाहीं. तिचा बोध मधल्या भागांत आहे. दार लावून कांहीं साधलें नाहीं, आणि पदर धरून अडवूनही साधलें नाहीं. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतांतील बाप मुलाच्या मागें दूर देशीं धांवत गेला नाहीं. पण मुलगा दूर असतांनाच त्यानें त्याला पाहिलें, म्हणजे त्याची नजर वाटेकडे लागलेली होती.

आपल्याकडील उदाहरण पंडिता रमाबाईंचें. दुष्काळांत आईबाप आणि बहीण गेलीं; १८८० सालीं भाऊ गेला, १८८२ सालीं पति गेला; आणि १८८३ सालीं लहान मुलीला घेऊन इंग्लंडांत गेल्यावर, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यानें त्यांचे प्रश्न मात्र संपले नाहींत. त्रैक्याविषयीं, चर्चच्या अधिकाराविषयीं त्या आपल्या गुरुस्थानीं असलेल्या सिस्टर जेरल्डीन यांच्याशीं पत्रांतून निकरानें वाद घालीत राहिल्या. तीं पत्रें १९७७ सालीं ग्रंथरूपानें निघालीं. त्या शंकांत जेरल्डीनबाईंना गर्व दिसला. रमाबाईंनीं पुढें स्वतःच लिहून ठेविलें आहे कीं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हें कळावयास बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षें लागलीं. त्याच आठ वर्षांत, १८८९ सालीं, त्यांनीं मुंबईस शारदासदन उघडलें. शंका काढणारा तरुण विश्वासापासून दूर पळतच असतो असें नाहीं. पुष्कळदां तो त्याच्या दारावर धक्के मारीत असतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आशा धरणें म्हणजे हात जोडून बसणें नव्हे. त्या चौघांनीं बाज उचलली होती. मनाचा आजार हाही आजारच. त्याला विश्वासाची उणीव म्हणणें अज्ञानाचें आणि निर्दयपणाचें आहे. मिरजेस १८९४ सालीं डॉ. वानलेस यांनीं रुग्णालय काढलें, तें प्रार्थनेवरील भरंवसा कमी होता म्हणून नव्हे. खचलेल्या मुलाला डॉक्टराकडे नेणें, त्याच्याबरोबर दवाखान्याच्या बांकावर बसणें, त्याच्या कामधंद्याची खटपट करणें, हेंच छप्पर उकलणें होय.

शेवटीं, ही आशा म्हणजे भ्रम नव्हे काय? मुलगा बरा होईल, त्याला नोकरी लागेल, तो पुन्हां उपासनेला येईल, असें कोणी भाकीत करील तर तें खोटें ठरूं शकेल. पण पौल जी आशा विश्वास आणि प्रीति यांच्यामध्यें बसवितो, ती आमच्या मतें भविष्याचा अंदाज नव्हे. ती त्या माणसाविषयींची प्रतिज्ञा आहे. तुझें मोल तुझ्या आजच्या स्थितीवरून आम्ही ठरविणार नाहीं, अशी ती प्रतिज्ञा. अंदाज परिस्थिति चुकविते. प्रतिज्ञा आपण मोडूं तेव्हांच मोडते. ज्या घरांत रात्रीं उशिरां परतणाऱ्या मुलासाठीं ताट झांकून ठेविलेलें असतें, त्या घरांत तो प्रार्थनेला बसला नाहीं तरी प्रार्थना चालूच असते. तिचें उत्तर काय येईल हें आपल्या हातीं नाहीं. ताट झांकून ठेवणें मात्र आहे.