सिंहासन आणि माळा

धार ही भोजराजाची नगरी. अकराव्या शतकातील हा परमार राजा इतिहासाला ग्रंथकार म्हणूनही परिचित आहे. ‘सिंहासनबत्तिशी’त मात्र तो केवळ एक उमेदवार आहे.

विक्रमाच्या कथाविश्वात जादूलाही नियम असतात. ‘वेताळपंचविशी’तला नियम कठोर: उत्तर ठाऊक असून मौन पाळले तर मस्तकाची शकले, आणि बोलले तर वेताळ पुन्हा झाडावर. (कचेरीत नेमका उलटा नियम चालतो.) बत्तिशीतला नियम अधिक गहन. पुरलेल्या सिंहासनावरील माळ्यावर शेतकरी चढला की उदार होतो, उतरला की तोच कृपण. म्हणजे औदार्य जागेचे, माणसाचे नव्हे. मग तेच सिंहासन उकरून काढल्यावर पुतळ्या भोजाला का अडवतात? विक्रमाचे औदार्य अंगी असेल तरच बैस, असे प्रत्येकीचे म्हणणे. शेतकऱ्याला गुण उसना मिळावा आणि राजाने तो घरून आणावा, हे कसे?

मला यात विसंगती दिसत नाही. शेतकऱ्याच्या औदार्याने फार तर त्याचे स्वतःचे पीक जाते. राजा उदार होतो तो प्रजेच्या पिकावर. शिवाय सिंहासनावरून त्यालाही रोज उतरावे लागतेच. देवासला तर १९४८ पर्यंत थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या होत्या. तेथे पुतळ्यांना दुप्पट काम पडले असते.